बिल कोणाच्या नावाचं?

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून कोरची तालुका आहे. समजा, तिथल्या एका गावातल्या बारा बायकांनी मोहफुलांचे लाडू करायला घेतले. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचली, उन्हात वाळवली, निवडली, भाजली, गूळ-तीळ घालून लाडू वळले. आठवडी बाजारात ते हातोहात खपले. पुढे गडचिरोलीतल्या एका दुकानदाराने लाडू चाखून पाहिला आणि दर आठवड्याला वीस किलो घ्यायची तयारी दाखवली. त्याने एकच प्रश्न विचारला : "माल चांगला आहे बाई, ठेवतो. पण बिल कोणाच्या नावाचं द्याल?"

बारा जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. जिच्या अंगणात लाडू होतात तिच्या नावाचं? जिला लिहिता-वाचता येतं तिच्या? बचत गटाच्या? आणि फुलं तर गावाच्या जंगलातली, मग गावाच्या?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे ठरते. नफा कोणाच्या खात्यात जाईल, कर्ज कोणाच्या दारात येईल, भांडण झाले तर कोण कोणावर दावा लावील, हे त्या एका नावात लपलेले असते. कायद्याच्या भाषेत याला व्यवसायाचे 'कायदेशीर स्वरूप' म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलाच्या जिल्ह्यांत हा विषय शहरापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथे धंद्याचा कच्चा माल ज्या जंगलातून येतो त्या जंगलावरच लोकांचा हक्क आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

चार प्रश्नांची कसोटी

व्यवसायाची नावे पुष्कळ आहेत : मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, प्रायव्हेट लिमिटेड, उत्पादक कंपनी. ती पाठ करायची गरज नाही. कोणतेही स्वरूप समोर आले की त्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला : मालक कोण? दुसरा : निर्णय कोणाचा? तिसरा : बुडाले तर कोणाचे बुडाले? चौथा : माणूस गेला किंवा सोडून गेला तर धंद्याचे काय?

एवढ्या चार उत्तरांत प्रत्येक स्वरूप उलगडते. आता एकेक पाहू.

एकटीची चूल, सामायिक चूल

सर्वांत सोपे स्वरूप एकल मालकीचे. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, चहाची टपरी हे सगळे बहुधा यातच मोडते. यासाठी वेगळा कायदा नाही आणि स्वतंत्र जन्मदाखलाही लागत नाही. दुकानाच्या पाटीवर कोणतेही नाव असो, कायद्याच्या नजरेत दुकान आणि दुकानदार एकच. नफा त्याचा, निर्णय त्याचा आणि कर्जही त्याचेच. दुकान बुडाले तर सावकार घरच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकतो, कारण दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा यांच्यामध्ये कायद्याने भिंत घातलेली नाही.

दोघे किंवा अधिक जण मिळून धंदा करतात आणि नफा वाटून घेतात तेव्हा भागीदारी होते. तिचा कायदा १९३२ चा. भागीदारी म्हणजे भावांची सामायिक चूल. एका भागीदाराने धंद्यासाठी उधारी केली तर ती सर्वांची होते आणि घेणेकरी वसुलीला कोणाही एकाकडे, पूर्ण रकमेसाठी जाऊ शकतो. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अनेक जण ती करत नाहीत. मात्र नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारापोटी थकलेल्या पैशांसाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. 'आपण घरचेच, कागद कशाला' म्हणणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागते. आणखी एक गोष्ट करारात लिहायची राहून जाते. एक भागीदार वारला तर, तसे वेगळे ठरलेले नसल्यास, भागीदारीच संपते.

आपल्या बारा जणींचा बचत गट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. 'उमेद' किंवा 'माविम' या सरकारी उपक्रमांच्या गटांत साधारण दहा ते वीस बायका असतात. वीसच का? यामागे कंपनी कायद्याचा जुना नियम आहे. १९५६ च्या कायद्याप्रमाणे नफ्यासाठी धंदा करणाऱ्या वीसपेक्षा जास्त लोकांच्या समूहाला नोंदणी करावीच लागे. गट वीसच्या आत राहिला की नोंदणीची कटकट टळत असे. पुढे नव्या कायद्याखाली ही मर्यादा पन्नासवर गेली, पण वीसची सवय राहिली. गटाचे बँक खाते असते, वही असते, ठराव असतात. तरीही तो कायद्याने स्वतंत्र व्यक्ती होत नाही. लहान उलाढालीला तो पुरतो. मोठे कर्ज किंवा मोठा करार आला की अपुरा पडू लागतो.

कागदावर जन्मलेला माणूस

कंपनी ही माणसाच्या कल्पनाशक्तीची एक विलक्षण निर्मिती आहे. नोंदणीच्या दिवशी कायदा कागदावर एक नवा 'माणूस' जन्माला घालतो. त्याला नाव असते, पत्ता असतो, पॅन असतो. तो जमीन घेऊ शकतो, कर्ज काढू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. त्याला म्हातारपण मात्र नसते. भागधारक बदलले, वारले, तरी कंपनी चालूच राहते.

हे तत्त्व पक्के झाले ते लंडनच्या एका चपला-बुटांच्या व्यापाऱ्यामुळे. अ‍ॅरन सॉलोमन याने आपला चालता धंदा स्वतःच्या कुटुंबातल्या माणसांना घेऊन काढलेल्या कंपनीला विकला. कंपनी बुडाली तेव्हा घेणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याच्याकडून वसूल करा. १८९६ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने उत्तर दिले की, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. आपला कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे.

'मर्यादित दायित्व' म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या धानाच्या बांध्या पाहून चटकन कळेल. एका बांधीतले पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये धुरा असतो. धंद्याची एक बांधी, घराची दुसरी, आणि 'लिमिटेड' हा त्यांच्यामधला धुरा. धंद्याच्या बांधीत कर्जाचे पाणी कितीही तुंबले तरी ते घराच्या बांधीत शिरत नाही. भागधारकाने भागासाठी घातलेले पैसे जातात, तेवढ्यावर त्याचे नुकसान थांबते.

पण धुरा फुटूही शकतो. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांकडून वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही करणे म्हणजे आपल्याच कुदळीने धुरा फोडणे. 'कंपनी लिमिटेड आहे, आपल्याला काय' असे समजून हमीपत्रावर सही केलेल्या संचालकाच्या घरापर्यंत ते पाणी पोचते.

कागदावरच्या या माणसाचे पोटही भरावे लागते. हिशेब तपासून घेणे, संचालकांच्या बैठका, वार्षिक विवरणपत्र, ताळेबंद हे सगळे धंदा झाला नाही तरी करावे लागते. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र या दोन फॉर्मांना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. एखाद्या खेड्यातल्या कंपनीची वर्षाची कमाईही तेवढी नसते. म्हणून अनुदानाच्या आशेने कंपनी काढणे सोपे असते आणि ती जगवणे अवघड.

प्रायव्हेट कंपनीला किमान दोन आणि जास्तीत जास्त दोनशे सदस्य चालतात. पब्लिक लिमिटेडला किमान सात लागतात. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ साली उभी राहिली ती लिमिटेड कंपनी म्हणूनच. १९७४ साली स्थापन झालेले आपले वनविकास महामंडळ नावाने महामंडळ असले तरी कायद्याने कंपनीच आहे, मालक फक्त सरकार. जिथे कंपनी तिथे मताचे वजन साधारणपणे भागांवर ठरते. ज्याचे भाग जास्त, त्याचा शब्द मोठा. इथेच गावाच्या दृष्टीने अडचण सुरू होते.

एक माणूस, एक मत

भागांच्या वजनाला उत्तर म्हणून सहकार आला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांनी मिळून संस्था काढता येते. कोणाचे भाग दहा असोत की शंभर, मत एकच. साखर कारखान्यांमुळे सहकार पश्चिम महाराष्ट्राचा मानला जातो, पण आपल्याकडच्या जंगल कामगार सहकारी संस्थाही याच कुळातल्या. लाकूड तोडणाऱ्या मजुराने ठेकेदाराचा हमाल न राहता संस्थेचा सभासद व्हावे, हा त्यांच्यामागचा विचार होता.

सहकारी संस्थेवर निबंधकाची देखरेख असते. ती आधारही ठरते आणि जाचही. म्हणून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' आली. तिचे शरीर कंपनीचे आणि आत्मा सहकाराचा आहे. किमान दहा उत्पादक, किमान पाच संचालक, आणि मत पुन्हा माणशी एकच. बाहेरचा भांडवलदार तिचे भाग विकत घेऊन ताबा मिळवू शकत नाही, कारण सदस्य व्हायला उत्पादक असावे लागते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कायद्याने ज्याला 'प्राथमिक उत्पादन' म्हटले आहे त्यात शेतमालाबरोबर वनोपज आणि मधमाशीपालनही येते. मोहफूल, हिरडा, चारोळी, मध गोळा करणाऱ्या बाईलाही उत्पादक कंपनीचे सभासद होता येते.

जंगल कोणत्या खात्यात लिहायचे?

आतापर्यंतची सगळी स्वरूपे आपण निवडू शकतो. पण आपल्या जिल्ह्यांत एक असा मालक आहे जो कोणी निवडून तयार केलेला नाही. तो म्हणजे ग्रामसभा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजांचा गौण वनोपजावरचा मालकी हक्क मान्य केला. बांबू, तेंदूपाने, मध, लाख, डिंक, औषधी वनस्पती हे सारे गौण वनोपजात येते. नाव 'गौण' असले तरी गावाच्या कमाईत ते मुख्य आहे. शिवाय आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही मिळाला.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव. 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनाच्या काळापासून हे गाव विचार करत आले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले जाणते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती यांनी तिला रोजच्या कारभारात उतरवले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी हे एक.

हक्क मिळाला, पण बांबू विकायला काढला तेव्हा अडचण आली. जंगलाबाहेर माल नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. त्याला इथे सगळे टीपी म्हणतात. टीपी देणार वनविभाग, आणि वनविभागाच्या जुन्या नियमांत बांबू झाडांमध्ये मोडत होता. मालक गाव, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ती स्थिती होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे असल्याचे स्पष्ट केले. मालकी आणि मालकीचा वापर यांत किती अंतर असते, ते त्या एका पुस्तकाने देशाला दाखवले.

आता ग्रामसभेला आपले चार प्रश्न विचारू. मालक कोण? गावातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती. इथे भाग विकत घ्यावा लागत नाही, गावात राहणे हेच सभासदत्व. निर्णय कोणाचा? सभेचा. वनहक्क नियमांप्रमाणे निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश बायका हव्यात. मेंढ्याने याच्याही पुढे जाऊन सर्वसहमतीची रीत पाळली आहे. माणूस गेला तर? माणसे जातात, ग्रामसभा राहते. आणि बुडाले तर? बांबूचे, पानांचे पैसे बुडू शकतात. जंगल मात्र बुडू शकत नाही, कारण कायदा म्हणतो की हे हक्क वारशाने मिळतात, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत.

हे वाक्य फार मोलाचे आहे. घरच्या गाईचे दूध विकावे, गाय विकू नये, तशी ही व्यवस्था आहे. वनोपज विकता येते, वनहक्क नाही. म्हणून एखादा हुशार सल्लागार येऊन म्हणाला की 'गावाची कंपनी काढू आणि जंगल तिच्या भांडवलात दाखवू', किंवा 'जंगलावर कर्ज काढू', तर त्याला तिथेच थांबवायचे. जंगल कंपनीच्या खात्यात लिहिताच येत नाही.

मग प्रक्रिया, पॅकिंग, शहरातली विक्री कोणी करायची? यासाठी दोन मजले बांधायचे. खालचा मजला ग्रामसभेचा : जंगल, त्याचे नियम, काढणीचे प्रमाण, कच्च्या मालाचा दर. वरचा मजला बचत गटाचा, सहकारी संस्थेचा किंवा उत्पादक कंपनीचा : भट्टी, वजनकाटा, डबे, बिलबुक, बाजार. वरचा मजला खालच्याकडून माल रीतसर विकत घेतो. वरचा कोसळला तरी खालचा शाबूत राहतो. एकट्या गावाला बाजारात भाव मिळवणे जड जाते, तेव्हा गावे जोडताही येतात. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, ती याच गरजेतून.

मालक असण्याचा अर्थ न विकण्याचे स्वातंत्र्य असाही होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये या गावाला हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर हक्क मिळाला. गाव बांबू विकते, पण तेंदूपाने विकायची नाहीत असे त्याने ठरवले. चांगल्या पानासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आग लावली जाते, म्हणून. भागधारकांच्या नफ्याला बांधलेल्या कंपनीला असा निर्णय घेणे कठीण गेले असते. पाचगावला तो घेता आला, कारण उद्याही त्याच जंगलात राहायचे आहे हे प्रत्येक मालकाला माहीत होते.

आरोग्यदूत आणि पॅरालीगल

इतके सगळे गावाला समजावून कोण सांगणार? वकील तालुक्याला, सीए जिल्ह्याला, कंपनी सेक्रेटरी नागपूरला. इथे पॅरालीगल कार्यकर्त्याचे काम सुरू होते.

गडचिरोलीच्या वाचकाला हे काम समजायला वेळ लागणार नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. त्या आरोग्यदूत झाल्या. आरोग्यदूत डॉक्टर नसते. पण बाळाचा श्वास मोजणे, काय घरी बरे होईल आणि कोणाला दवाखान्यात न्यावे हे ओळखणे तिला येते. पॅरालीगल हा कायद्याचा आरोग्यदूत आहे.

परदेशात पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या कार्यालयात कागद तयार करणारा प्रशिक्षित सहायक. आपल्याकडे या शब्दाने वेगळे वळण घेतले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत कायदेशीर मदतीची यंत्रणा उभी राहिली आणि २००९ पासून 'पॅरा लीगल व्हॉलंटिअर' म्हणजे विधी स्वयंसेवकांची योजना आली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यांना प्रशिक्षण देते. या कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे फक्त कोर्टातला खटला नव्हे, कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही त्यात धरला आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी या सेवेस पात्र आहेत. आपल्या बारा जणींना सल्ल्यासाठी पैसे नाहीत, म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. १५१०० हा मदतीचा क्रमांक याच यंत्रणेचा.

तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आपण सांगू ते लिहून देतो. पॅरालीगल लिहिण्याआधी विचारतो. हा फरक एका उदाहरणातून पाहू.

एप्रिल महिना. तेंदूपानांचा ठेकेदार ग्रामसभेपुढे करारनामा घेऊन आला आहे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, मोजणी फळीवर म्हणजे संकलन केंद्रावर, गोणीला अमुक दर. दर ऐकून सगळे खूश. पॅरालीगल ताई उठते आणि करार मोठ्याने, गोंडीत सांगत सांगत वाचू लागते. एका कलमावर थांबते आणि विचारते, "पुडे फळीवर मोजून दिले. मग ते उन्हात वाळत पडले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, पाने काळी पडली. नुकसान कोणाचं?"

सभा शांत होते. करारात त्याविषयी धड काहीच नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सूत्र असे की, वेगळे ठरले नसेल तर ज्याच्याकडे मालकी, त्याच्याकडे जोखीम. म्हणून मालकी कोणत्या क्षणी बदलली हे लिहिणे गरजेचे : मोजणीच्या वेळी, की वाळून गोणीत भरल्यावर, की ट्रक निघाल्यावर? 'फळीवर मोजणी होऊन पावती दिल्यावर माल खरेदीदाराचा' एवढे एक वाक्य करारात आले की मे महिन्यातल्या अवकाळी पावसाचे ओझे गावाच्या खांद्यावरून उतरते. ताईने वकिली केली नाही. तिने फक्त योग्य ठिकाणी प्रश्न विचारला.

कंपनी किंवा संस्था काढतानाही तिचे काम असेच असते. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा यांवरची नावे एकसारखी आहेत का पाहणे, कारण एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असले की अर्ज परत येतो. ठरावाची वही लिहायला शिकवणे. इंग्रजी नियमावलीतला मजकूर लोकांच्या बोलीत सांगणे. कोणता फॉर्म कोणत्या तारखेला भरायचा याचा तक्ता करून समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवणे. आणि एक प्रश्न न चुकता विचारणे : "डिजिटल सहीचं टोकन कुठं आहे?" पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या टोकनात संचालकाची सही असते. ते दुसऱ्या कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर सही तुमची आणि हात दुसऱ्याचा, असा प्रकार होतो.

जिथे थांबायचे, तिथे थांबणे

चांगल्या आरोग्यदूताला स्वतःची मर्यादा माहीत असते. पॅरालीगललाही असावी. कोर्टात वकिली करण्याचा अधिकार फक्त वकिलाचा. कंपनीच्या नोंदणी-अर्जाला वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यांच्यापैकी कोणाचे तरी प्रमाणन लागते. ग्रामसभेच्या पॅनचा अर्ज कोणत्या प्रकारात भरायचा, कर कसा लागेल, हे सीएला विचारायचे. मोहफुलांच्या साठवण-वाहतुकीचे आजचे नियम संबंधित खात्याकडून लेखी घ्यायचे, कारण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि मोहाच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबून चालत नाही.

दुसरी मर्यादा याहून नाजूक आहे. कायदा कळणाऱ्या माणसाच्या हाती गावात आपोआप सत्ता येते. 'ताई सांगेल तसं' अशी सवय लागली की एका ठेकेदाराच्या जागी दुसरा बसतो, एवढेच. मेंढ्याने यावर फार शहाणपणाची वाट काढली. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, चर्चा होते, कायदे वाचले जातात. निर्णय मात्र गावच घेते. पॅरालीगलची जागा अभ्यासगटात आहे. तिने पर्याय मांडावेत, प्रत्येकाचा खर्च आणि धोका सांगावा आणि निवड होताना मागे सरकून बसावे.

चौकट : थोडक्यात

* एकल मालकी : मालक एक, सोपी, स्वस्त, कर्ज थेट घरावर.
* भागीदारी : दोन किंवा अधिक, एकाची उधारी सर्वांची, करार लेखी करा, नोंदणी करा.
* बचत गट : छोट्या उलाढालीला उत्तम, कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नाही.
* प्रायव्हेट कंपनी : स्वतंत्र व्यक्ती, मर्यादित दायित्व, मत भागांप्रमाणे, वार्षिक कागदपत्रे चुकवू नयेत.
* सहकारी संस्था : किमान दहा जण, माणशी एक मत, निबंधकाची देखरेख.
* उत्पादक कंपनी : किमान दहा उत्पादक, माणशी एक मत, कंपनीची सर्व बंधने लागू.
* ग्रामसभा : सामूहिक वनहक्काची धारक; वनोपज विकता येते, वनहक्क विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

अंगठा उठवण्याआधी विचारा : मालक कोण? निर्णय कोणाचा? बुडाले तर कोणाचे? माणूस गेला तर काय? मालाची मालकी कधी बदलते? वैयक्तिक हमी मागितली आहे का? टोकन आणि चेकबुक कोणाकडे आहे?

पुन्हा त्या बारा जणींकडे

पॅरालीगल ताईने त्या बारा जणींना कंपनी काढा असे सांगितले नसते. वीस किलो लाडवांसाठी ताळेबंद आणि विवरणपत्रांचे ओझे कशाला? तिने चार प्रश्न विचारले असते आणि बायकांनीच उत्तरे दिली असती. फुले गावाची, म्हणून आधी ग्रामसभेत ठराव : गटाने किती फुले घ्यायची, किलोमागे गावाला किती द्यायचे, कोणत्या झाडांखाली जाळ करायचा नाही. मग अन्नपदार्थ विकण्यासाठी गटाच्या नावाने नोंदणी. बँकेत दोघींच्या सह्यांनी चालणारे खाते. आणि वहीत एक ओळ : उद्या पाच गावांतले गट एकत्र आले आणि माल शंभर किलोंवर गेला, तर उत्पादक कंपनीचा विचार करायचा.

पुढच्या आठवड्यात दुकानदार पुन्हा विचारील, "बिल कोणाच्या नावाचं?" तेव्हा त्यांच्यातली एखादी पिशवीतून नवे बिलबुक काढील. वर गटाचे नाव छापलेले, खाली ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक. अंगठा उठवणारीलाही त्या कागदावर काय लिहिले आहे हे तोंडपाठ असेल, कारण ते तिच्यासमोर ठरले आहे. आणि दुकानदाराने वर पाहून दर थोडा कमी करायला सांगितले, तर ती म्हणेल, "गटात विचारून सांगते."